ओढणीवरचा खडू

फळ्यापाशी डस्टर नव्हतं. इतिहासाच्या प्राध्यापकपदासाठी मला वर्ग घेऊन दाखवायचा होता आणि समोर बाकांवर निवड समिती बसली होती. डस्टर मागायचा धीर होईना, म्हणून ओढणीनेच फळा पुसत मी प्राचीन रोमचा धडा कसाबसा संपवला. तोवर माझा निळा ड्रेस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा झाला होता.

संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब घोरपडे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत बसले होते. ते म्हणाले, "काय हा अवतार! बाई, तुम्ही कँडिडेट आहात. कँडिडेटनं कसं यावं, हे कुणी शिकवलं नाही?"

समिती हसली. नोकरी गेलीच असं वाटलं, म्हणूनच बहुधा माझं तोंड उघडलं.

"शिकवलंय ना सर, रोमन लोकांनी! तिथं निवडणुकीला उभा राहणारा अंगावरचं वस्त्र खडूनं पांढरंफेक करून लोकांपुढं जायचा. लॅटिनमध्ये शुभ्र म्हणजे 'कँडिडस', त्यावरूनच कँडिडेट आला. तुमचे कपडे धोब्यानं पांढरे केलेत, माझे खडूनं. या खोलीत रीतसर कँडिडेट मी एकटीच आहे."

तात्यासाहेबच खो खो हसत सुटले. "प्राचार्य, हिला सोमवारपासून घ्या. हिच्या तासाला पोरं झोपायची नाहीत."

बाहेर येऊन आईला फोन लावला, तर नुसती रिंग वाजत राहिली. मी परत परत लावत राहिले. शेवटी कुकरच्या शिट्टीमागून तिचा आवाज आला, "बोल गं! रडतेयस की हसतेयस?"