ठमाईचा मूठभर घेवडा

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा घाटमाथ्यावरच्या उंबरकोंडला जायला एकच वाट होती आणि पावसाळ्यात नदी भरली की तीही बंद व्हायची. त्या काळी गावात ठमा नावाची एक बाई राहायची. आता तिला सगळे ठमाई म्हणतात, पण तेव्हा ती नुसती ठमा होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं. दिरांनी शेतातला वाटा न देता घरामागचं परडं तेवढं तिच्या पदरात टाकलं. परडं केवढं, तर म्हैस आडवी झाली असती तर शेपूट कुंपणाबाहेर गेलं असतं.

पण बाईच्या हाताला गुण होता. न्हाणीचं पाणी तिनं अळवाला सोडलं आणि अळवाकडून मिरच्यांकडे नेलं. दुधी छपरावर चढवला, कारलं कुंपणावर आणि घेवडा दारच्या शेवग्यावर. असं म्हणतात की तिचा वेल सकाळी जमिनीवर असायचा आणि दुपारी शेंड्याला टेकायचा, मग ठमा त्याला "जरा दमानं" म्हणून हातानं खाली ओढायची.

पौषात घेवडा लागला की विचारायची सोय नव्हती. पहिल्या आठवड्यात लोक हौसेनं शेंगा न्यायचे. दुसऱ्या आठवड्यात नको-नको म्हणत न्यायचे. तिसऱ्या आठवड्यात ठमाची टोपली लांबून दिसली की दारं लावून घ्यायचे. उरलेल्या शेंगा कुणीही गुरांपुढे टाकल्या असत्या, पण ठमाला टाकणं जमत नसे. आपल्याच हातानं वाढवलेलं टाकायचं म्हटलं की तिला रडू यायचं. म्हणून ती सगळं वाळवायची. घेवडा, गवार, मीठ लावलेल्या कारल्याच्या चकत्या, ताकात मुरवलेल्या मिरच्या, कोहळ्याचे सांडगे. कडकडीत वाळलं की मडक्यात भरायचं, वर कडुनिंबाचा पाला, तोंडाला फडकं आणि त्यावर शेणमातीचा लेप. अशी एकवीस मडकी तिच्या घरात भिंतीला लागून बसलेली असायची.

आता वाळवायचं कुठं? गावाबाहेर एक मोठा काळा कातळ आहे, बहिरीचा कातळ म्हणतात त्याला. गावचा देव बहिरी त्याच्याच माथ्यावर बसलेला. ठमा त्या कातळाच्या एका कोपऱ्यात आपलं वाळवण घालायची आणि गाव ते बघून नाक मुरडायचं. कारण उंबरकोंडची समजूत अशी होती की कातळावर जे पसराल तेच गाव मागतंय असं बहिरीला वाटतं. भात पसरला की देव भात देतो, नाचणी पसरली की नाचणी देतो. मग वाळकी भाजी पसरली तर? देव कोरडं सालच देणार. म्हणूनच गावातल्या एकाही चुलीवर कधी वाळकी भाजी चढली नव्हती.

आणि एका वर्षी पाऊस आलाच नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. भाताची रोपं पिवळी पडली. माणसं आभाळाकडे बघून थकली, मग त्यांनी ठमाकडे बघायला सुरुवात केली. गावकी बसली आणि रायाजी पाटलांनी निकाल दिला.

"ठमे, ती एकवीस मडकी नदीत रिकामी कर, न्हाईतर तू गाव सोड."

ठमा गरीब होती, पण मऊ नव्हती. ती म्हणाली, "पाटील, ह्यातली एक शेंग म्या टाकनार न्हाई. टाकायचंच आसंल तर मला टाका."

तिला तीन दिवस दिले. जायचं कुठं हे तिला ठाऊक नव्हतं. ते तीन दिवस तिनं परड्याला पाणी घालण्यात घालवले आणि चौथ्या दिवशी एक मडकं डोक्यावर, दोन बगलेत घेऊन ती निघाली. एकाही घरातून कुणी बाहेर आलं नाही. मला विचाराल तर लाजच वाटत असणार.

ती नदीच्या उतारापाशी पोचली, डोक्यावरची चुंबळ तिनं सारखी केली, आणि टपकन एक थेंब मडक्यावर पडला. मग दुसरा. चुंबळ सारखी होईपर्यंत नदी दोन्ही काठांना लागली होती. असं म्हणतात की पाणी ठमाच्या अंगठ्यापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं, पुढं येईना आणि तिलाही जाऊ देईना. शेवटी ठमा वळली, घरी आली आणि तिन्ही मडकी जागच्या जागी ठेवून परड्यात गेली. पाटलांनी तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. गाव लावणीच्या घाईत होतं. काही शहाणे म्हणाले, ती निघाली म्हणून पाऊस आला. दुसरे शहाणे म्हणाले, मग ती परत आली तरी थांबत का नाही?

कारण तो थांबलाच नाही. चाळीस दिवस सूर्य दिसला नाही. वाट दरडीखाली गेली, रानभाज्या ओढ्यानं नेल्या, परड्यांतल्या भाज्या जागेवर कुजल्या, सगळ्यांच्या आणि ठमाच्याही. घरात दाणा होता, पण भाकरीशी लावायला मिठाचं पाणी. पोरंसुद्धा जेवायला बोलावलं की लपून बसायला लागली.

त्यात पाटलांच्या सुनेला, सगुणाला, चौथा महिना लागला. तिला काही पचेना. भाकरीचा वास आला की पोटात ढवळायचं. आणि डोहाळे लागावेत तर कशाचे? घेवड्याच्या शेंगांच्या कालवणाचे. श्रावणात घेवड्याला फूलसुद्धा नसतं. पाटलीणबाईंनी केळफूल करून पाहिलं, कुळथाचं कढण पाजून पाहिलं. पोरगी इतकी वाळली की हात खाली केला की बांगड्या गळून पडायच्या. वैद्य नदीपलीकडे राहिला होता.

तेव्हा एका सकाळी डोक्यावर इरलं घेऊन रायाजी पाटील ठमाच्या उंबऱ्यापाशी उभे राहिले. आत आले नाहीत. मान वर केली नाही.

"ठमाबाई," ते म्हणाले, "सून जेवत न्हाई."

मी असतो तर चार शब्द सुनावले असते. ठमानं नाही सुनावले. तिनं घेवड्याचं मडकं पुढं ओढलं आणि शेणमातीचा लेप फोडला. असं म्हणतात की फडकं सुटलं तसं माघातलं ऊन मडक्यातून बाहेर सांडलं, घर लख्ख झालं आणि खुराड्यातला कोंबडा पुन्हा एकदा आरवला. ठमानं अख्खं मडकं पाटलांच्या हातात दिलं आणि बजावून सांगितलं की कढत पाण्यात फक्त मूठभर भिजवा.

पाटलीणबाईंनी मूठभर ऐकलं आणि त्यांना हसू आलं. सोळा माणसांच्या घरात मूठभर? त्या गावात वाळकी शेंग कधी कुणी भिजवलीच नव्हती, तर ती फुगते हे ठाऊक कुणाला? त्यांनी मडकं उपडं केलं.

घेवडा फुगायला लागला. आधी पातेलं भरलं. पातेल्यातून घंगाळात ओतला, तर घंगाळ भरलं. मग तो गुरांच्या धुतलेल्या डोणीत गेला, मग भाताच्या कणगीत. असं म्हणतात की शेवटी शेंगा ओसरीच्या पायऱ्या उतरून स्वतःच अंगणात चालल्या होत्या. टाकायचं तर धैर्य नाही, मग पाटलांनी अख्ख्या गावाला जेवायला बोलावलं. सगुणा पहिल्या पंगतीला बसली, तीन भाकरी खाल्ल्या आणि ताटली पुढं केली. पंगती चालू होत्या तेवढा वेळ पाऊस थांबला होता, एवढं तर मीही खात्रीनं सांगतो.

पाटलांनी हातातला घास खाली ठेवला. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "ह्या बाईला म्या जा म्हनलं व्हतं. आता ती म्हनंल तवा म्या जाईन."

ठमा पोट धरून हसली. तिला पाटलांना कुठं पाठवायचं नव्हतं. तिनं एवढंच मागितलं की कातळावर वाळवण घालताना कुणी नाक मुरडू नये. पाटील म्हणाले, नाक सोडा, माझं वाळवण सगळ्या गावाच्या मागून पडेल.

ठमाई पुढं पुष्कळ जगली. सगुणाला मुलगी झाली, तिला पहिली धुरी वाळक्या कडुनिंबाची ठमाईनंच दिली. ठमाई गेली तेव्हा मडकी एकवीसच्या एकवीस भरलेली होती.

आजही माघात ऊन चढलं की उंबरकोंडमध्ये आधी भाजी वाळते, मग धान्य. गावात ज्याला जमीन नाही, ज्याच्यामागं कुणी नाही, किंवा जो त्या वर्षी नवा राहायला आला, त्याची टोपली कातळावर पहिली. मग बाकीचा गाव. आताच्या पाटलांची सून भरलेलं सूप घेऊन सगळ्यांच्या मागं उभी असते. पाहुणे दरवर्षी तिला म्हणतात, अहो, तुम्ही या की पुढं. ती हसते आणि आणखी एक पाऊल मागं सरकते.