जळालेला पट्टा

"मग माझ्या अकरा वर्षांच्या सोमवारांचं काय झालं, अक्का?"

डोंगरावरच्या मठापाशी पोचताच वैजयंतीने विचारलं. दम लागलेला. गळ्याभोवती पदर घट्ट लपेटलेला. टाके काढून पंधरा दिवसच झाले होते.

मठ सांभाळणाऱ्या अक्का गवत जाळत होत्या.

तेव्हा संक्रांत झाली की हे काम असायचं. मठाभोवती गवताचा एक पट्टा मुद्दाम जाळून ठेवायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आला तर तिथेच थांबावा. आम्ही पाच-सहा जणी निर्गुडीच्या ओल्या डहाळ्या घेऊन कडेला उभ्या असायचो. जाळ पट्ट्याबाहेर सरकला की झोडपायचा. तसल्या धुराचा वास आजही कुठे आला, की सत्तरीतल्या, पदर खोचलेल्या अक्काच दिसतात.

"सोमवारांना काय व्हायचंय? दर आठवड्याला येतात की," अक्का म्हणाल्या.

आम्ही हसलो. वैजयंती हसली नाही. व्रतांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं.

"थट्टा नको, अक्का. थायरॉइडला सूज आली तेव्हापासून निर्जळी सोमवार केले मी. माझ्याच रक्तातल्या पेशी माझ्याच गळ्यावर उठल्यात म्हणे. त्या शांत होऊ देत, एवढंच मागितलं. सूज गेली नाहीच... वर कर्करोगाची गाठ निघाली."

"सोमवारी गोळी घ्यायचीस?"

"निर्जळी असते ना! गोळीला पाणी लागतं."

"अगं बाई... म्हणजे अकरा वर्षं महादेवाला गोळीचा नैवेद्य!"

वैजयंतीने मान फिरवली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गाठ काढली. बाकी कुठे पसरली नव्हती." ती नाइलाजाने सांगत होती. "म्हणाले, अशी जुनी सूज असली की हा कर्करोग जास्त सापडतो. पण पुष्कळदा पसरतो कमी. सूज आणणाऱ्या पेशीच त्याला अडवत असतील, असं वाटतं म्हणाले. छातीठोक नाही सांगितलं."

"मग?"

"मग काय! सहा-सहा महिन्यांनी तपासणी. मी नाही जायची. जे शरीर वैऱ्यासारखं वागलं, त्याच्याकडे किती बघत बसायचं? गोळ्यांची बाटली घरी टाकून आलेय. यापुढे व्रत नाही, औषध नाही. हेच सांगायला चढले एवढी."

तिचा हात धरून अक्कांनी तिला पट्ट्याच्या निवलेल्या भागात, काळ्या राखेत नेऊन उभं केलं.

"वणवा आला तर इथे काय जळेल?"

"इथे? काय उरलंय जळायला..."

"कुणी जाळलं?"

"आगीनेच..."

ती थबकली.

अक्कांनी पलीकडच्या उताराकडे बोट केलं. करवंदीच्या जाळ्यांचे नुसते काळे सांगाडे उरले होते.

"ते परवा पेटलं. आमच्याच पट्ट्यातली ठिणगी उडून."

वैजयंती पायाखालच्या राखेकडे बघत राहिली. मग उताराकडे. पुन्हा राखेकडे...

गळ्याभोवतीचा पदर सैल झाला. टाक्यांची लालसर रेघ तेव्हा आम्ही पहिल्यांदा पाहिली.

"अक्का..." आवाज खाली आला होता. "मग ही आग चांगली की वाईट? देवाकडे मी मागू तरी काय?"

त्यानंतरच्या कितीतरी संक्रांती आम्ही एकत्र केल्या. मठ आहे, अक्का नाहीत. वैजयंतीचे सोमवार अजून चालू आहेत, पहाटे गोळी घेऊन. तपासणी तिने एकदाही चुकवली नाही. त्या दिवशी अक्कांनी तिला पटवून वगैरे काही दिलं नव्हतं. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांची नजर पट्ट्याच्या कडेला होती.

"देवाला सवड आहे, पोरी, आगीला नाही. ती बघ, सरकली!"