रवळूची हाक

श्री निवांतबुवा महाराजांचा मुक्काम त्या वर्षी समुद्रकाठच्या करंजवेळ गावी होता. देवळाच्या ओवरीत आसन, समोर माडांच्या पलीकडे समुद्र. महाराज प्रसन्न असत. पण गाव मात्र प्रसन्न नव्हते.

भाविकहो, या गावात चाळीस घरांची मिळून एक रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे भले मोठे जाळे. त्याचा एक दोर वरल्या वाडीने ओढायचा, दुसरा खालच्या वाडीने. वीस दिवसांपूर्वी भरले जाळे खडकावर फाटले. वरले म्हणाले, "तुम्ही घाई केलीत." खालचे म्हणाले, "तुम्ही हयगय केलीत." बोलणे तुटले. जाळे शिवून झाले, तरी ते पाण्यात काही पडेना. घराघरांत मुले नुसती पेज पिऊन निजू लागली.

जाळे शिवले होते रवळूने. चाळिशीचा हा भोळा माणूस महाराजांच्या पायाशी बसून नामस्मरण करी, तेही मनातल्या मनात. कारण बोलताना त्याची जीभ अडखळे.

अखेर दोन्ही वाड्या न्याय मागायला ओवरीत आल्या. महाराज म्हणाले, "न्याय मी करणार नाही. एका वाडीने खांबाच्या अलीकडे बसायचे, दुसरीने पलीकडे. निरोप रवळू नेईल. निरोप आला की आधी तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. धाडणारा 'होय, हेच म्हणालो' म्हणेल, तेव्हाच उत्तर द्यायचे."

वरल्या वाडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, दाजी कुबल खदखदून हसला. "महाराज, ह्याका स्वताचा नाव सांगूक अर्धो दिवस लागता! ह्यो काय निरोप सांगतलो?"

रवळूचे कान लाल झाले. महाराज एवढेच म्हणाले, "जा बाळा. सावकाश."

रवळू गेला, आला, पुन्हा गेला. आणि मौज अशी झाली, की शिवी त्याच्या तोंडून निघता निघता विरघळून जाई. ऐकणाऱ्याला वाट पाहावी लागे, आणि तेवढ्यात त्याचा रागही निवे. दुपारपर्यंत खालच्या वाडीचे येसोतात्या हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्ही थांबूची हाक दिलेली. वाऱ्यान आमका ऐकाकच येवक नाय!"

"होय, हेच!" वरले एका सुरात ओरडले. वीस दिवसांत प्रथमच दोन्ही वाड्या एकत्र हसल्या.

मग ठरले, की किनाऱ्यावर मधोमध उभे राहून एकानेच हाक द्यायची. कोणी? दोन्ही वाड्यांचा विश्वास एकाच माणसावर होता. "रवळू!"

"ह्यो?" दाजी उसळून उठला. "मग मी होडीत जातंय. ह्याचा तोंड बघूक नको!"

दुसऱ्याच सकाळी बांगडा मासळीचा थवा आला. जाळे पडले, दोर ताणले गेले. दाजी जाळ्यामागे छोट्या होडीत होता. इतक्यात वारा फिरला. जाळे त्याच खडकाकडे सरकू लागले. होडीचे वल्हे जाळ्यात अडकले आणि होडी कलंडून पाणी घेऊ लागली. दाजी ओरडत होता. पण त्याचा आवाज वाऱ्याने गिळला.

जाळे खडकापासून वळवायचे तर वरल्यांनी ओढायला हवे होते, खालच्यांनी थांबायला. रवळूने डोळे मिटून महाराजांना आठवले आणि सारे बळ एकवटून हाक दिली,

"व-व-वरले, ओ-ओ-ओढा! खा-खालचे, थां-थां-थांबा!"

काय नवल सांगावे! दोन्ही दोरांवरल्या प्रत्येकाला ती हाक अगदी कानाशी ऐकू आली, जणू रवळू खांद्यावर हात ठेवून बोलत होता. 'ओ-ओ'ला पाय वाळूत रोवायचे, 'ओढा'ला जोर लावायचा, असा आपोआप ताल धरला गेला. बायका धावत येऊन दोराला लागल्या आणि त्याच तालावर गाऊ लागल्या. जाळे खडकापासून अलगद वळले, त्याबरोबर दाजीची होडीही. चंदेरी बांगड्यांनी वाळू झगमगली!

दाजी ओलाचिंब धावत महाराजांकडे गेला. "महाराज, मी एवढो लांब, तरी त्याची हाक माझ्या कानात! ह्या कसा झाला?"

महाराज हसले. "आज सगळ्यांना ऐकायचे होते, दाजी. देवाने आवाज पोचवला. नमस्कार मला नको. ज्याला हसलास, तो तिथे मासे निवडतोय."

दाजी तसाच किनाऱ्यावर परतला आणि त्याने सर्वांदेखत रवळूच्या पायांवर डोके ठेवले. रवळू गडबडला. "दा-दाजीकाका, उ-उ..."

चाळीस घरे ऐकत उभी राहिली. कोणी त्याचा शब्द पुरा केला नाही.

"...उठा. मा-मासे वाटूचे आसत."

वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतले, मगच दाजीने डोके वर उचलले.