दोन जावांची दीर्घिका

एका गावात दोन जावा राहत. थोरली अनसूया, धाकटी शेवंता. घराची वाटणी झाली तेव्हा अंगणाच्या मधोमध दगडांची एक ओळ मांडली गेली, आणि त्या दिवसापासून दोघींचे बोलणे खुंटले. पहाटे सडा घालताना आपल्या पाण्याचा थेंबही पलीकडे जाऊ नये, इतकी दोघी काळजी घेत. अबोला धरायलाही केवढे कष्ट पडतात, ते या घरी पाहावे.

देवीच्या उत्सवात देवळापुढचा चौक रांगोळीने भरण्याचा मान गावात फार मोठा. तो या दोघींच्या सासूकडे होता. सासू गेली आणि मान कुणाचा यावर दोन्ही सुना अडून बसल्या. शेवटी गावाने स्पर्धा ठरवली. एका अंगणाला एक रांगोळी. जिची सरस, तिचा मान. विषय शाळेच्या बाईंनी दिला: दीर्घिका, म्हणजे आकाशातली ताऱ्यांची अफाट वस्ती.

बाईंनी बायकांना देवळात बसवून सगळे समजावले. आधी नुसता वायूचा विरळ ढग असतो. तो स्वतःच्याच भाराने मध्याकडे ओढला जातो, फिरू लागतो, फिरता फिरता भाकरीसारखा चपटा होतो आणि त्यात तारे पेटतात. काही दीर्घिकांना भोवऱ्यासारखे वळलेले निळसर हात असतात. काही अंड्यासारख्या लांबट-गोल, जुन्या ताऱ्यांनी पिवळ्या-तांबूस झालेल्या. काहींना तर धड आकारच नसतो.

दोघी जावांनी हातांची दीर्घिका निवडली, कारण तीच सर्वांत देखणी. स्पर्धेच्या दिवशी उजाडताच दोघी आपापल्या अर्ध्या अंगणात बसल्या. थोरलीचा एक हात लांबला, की धाकटीचा त्याहून लांबे. पाहता पाहता दोन्ही रांगोळ्या दगडांना भिडल्या. शहाण्याने इथे थांबावे. अनसूयेने रांगोळीचा हात दगडांवरून पलीकडे नेला. शेवंतानेही नेला. निळ्यात निळे मिसळले, रेषा फिसकटल्या आणि दोन्ही रांगोळ्यांचा विचका झाला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बाईंचा आणि गावकऱ्यांचा आवाज आला. अनसूयेने केरसुणी उचलली. सगळे पुसून टाकले तर निदान हसे तरी होणार नव्हते.

"अक्का, झाडू नका," शेवंता म्हणाली. वाटणीनंतर ती थोरलीशी पहिल्यांदाच बोलत होती. "बाई म्हणाल्या होत्या ना, दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या तरी तारे विझत नाहीत. दोघींची मिळून एक होते, लांबट-गोल."

अनसूया केरसुणी धरून तशीच उभी राहिली. तिला रागही आला होता आणि रडूही. मग तिने विचारले, "आणि मध्य कुणाचा? तुझा का माझा?"

"दगड आहेत तिथला."

अनसूयेने केरसुणी टाकली आणि पहिला दगड स्वतः उचलला. दोघींनी भराभर ओळ उपसली. खालची माती कोरडी ठणठणीत होती. तिच्यावर इतक्या दिवसांत सडाच पडला नव्हता. तिथेच त्यांनी मुठीमुठीने पिवळी रांगोळी ओतली, भोवती तांबूस पसरली, निळे हात वळवून आत घेतले. लोक दारात येऊन उभे राहिले तरी त्यांनी मान वर केली नाही. अंगणभर एकच मोठी दीर्घिका झाली, तेव्हाच त्यांनी कमरा सरळ केल्या.

बाईंनी विचारले, की नाव कुणाचे सांगू? नियम तर एका अंगणाला एक रांगोळी असा आहे.

"नियम बरोबर आहे, बाई," अनसूया म्हणाली. "अंगण एकच आहे."

त्या वर्षी देवीचा चौक दोघींनी मिळून भरला. दगड उत्सवाच्या चुलींना लागले.

तात्पर्य: टक्कर झाली म्हणजे सारे संपले असे नाही, मोडल्यातूनही मोठे काही घडते, पण त्यासाठी मधले दगड आपल्याच हातांनी उचलावे लागतात.