जैतुनाला काठी लागली

एका राज्यात डोंगरच डोंगर होते आणि डोंगरांवर जैतुनाची झाडे होती, राजाच्या सिंहासनाहूनही जुनी. तिथली माणसे जैतुनावर जगत. फळ खारवून भाकरीशी खात, घाण्यावर तेल काढून दिव्यात, कालवणात, बाळाच्या टाळूवर घालत, आणि उरलेल्या तेलावर वर्षाचा गहू घेत.

राजा मोठा भित्रा होता, आणि भित्र्याला सल्लागार लवकर मिळतात. काबूस नावाचा जादूगार त्याला म्हणाला, "महाराज, ही माणसं एक दिवस झाडांआडून तुमच्यावर चालून येतील." मग त्याने मूठभर माती फुंकली आणि गाव व झाडे यांच्यामध्ये ताडाएवढे काटेरी कुंपण उभे राहिले. त्याला एकच दार, आणि ते वर्षातून तीन दिवस उघडायचे. वर राजाज्ञा अशी, की जे झाड तीन वर्षे फळणार नाही ते ओसाड, आणि ओसाड जमीन राजाची.

त्या गावात नाइफा आपल्या आंधळ्या बापासह राहत असे. मुसल्लम त्याचे नाव. त्याची चाळीस झाडे होती आणि प्रत्येक झाड तो खोडावर हात ठेवून ओळखे. दार उघडायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "पोरी, फळ हातानंच उतरव, शेळीचं दूध काढतात तसं. काठी लावू नकोस. काठीनं कोवळी डहाळी मोडते, आणि पुढच्या वर्षीचं फळ त्या डहाळीवरच यायचं असतं."

"नाही लावणार, बाबा," नाइफा म्हणाली.

दोन दिवसांत तिची सात झाडे झाली. तिसऱ्या दिवशी आणखी तीन झाली तोवर दुपार कलली, पहारेकऱ्याने घंटा हलवली, आणि समोर अजून तीस झाडे लगडून उभी होती. वर्षाचा गहू त्या फांद्यांवर होता हो! तिने काठी उचलली आणि झोडपत सुटली. घरी आली तेव्हा पोती भरलेली होती.

"हातानं काढलंस?" बापाने विचारले.

"हातानंच."

म्हाताऱ्याने पोत्यात हात घातला, एक फळ चाचपले आणि "बरं," एवढेच म्हणाला.

पुढच्या वर्षी झाडांना एकही फळ लागले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. गावात कुणाच्याच झाडाला नाही. हा काबूसाचा शाप, असे लोक म्हणत. ते खरे होते, पण अर्धेच.

तिसरे वर्ष लागले, तेव्हा तुरेवाला हुदहुद पक्षी नाइफाच्या उंबऱ्यावर उतरला आणि बोलू लागला. "कुंपणाची मुळं तुमच्या झाडांचा रस पितात. ती सुकवायला तीन गोष्टी हव्यात. राक्षशिणीच्या अंगणातली रानजैतुनाची काडी. काठीच्या वर्षाचं वाटीभर तेल. आणि ज्याच्याशी खोटं बोललीस, त्याच्यापाशी खरा शब्द."

तिसरी गोष्ट तर आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. पण माणसाला राक्षशिणीपेक्षा आपला बाप अवघड वाटतो. नाइफाने ओढणी डोक्याला गुंडाळली.

"बाबा, जाऊन येते. झाडांचं काम आहे."

"थोडी बसतेस जवळ?"

"आल्यावर बसते."

चाळीस दिवस चालून ती राक्षशिणीच्या दारी पोहोचली. राक्षशीण म्हणाली, "काडी देईन, पण तुझ्या केसांचा काळा रंग मला दे." नाइफाने दिला. पांढरे केस घेऊन ती आणखी चाळीस दिवस चालली आणि राजवाड्यात शिरली. काठीच्या वर्षाचे तेल गावात कधीच संपले होते, पण काबूसाच्या दिव्यात ते अजून जळत होते, काही केल्या संपत नव्हते. तिने दिव्याला विचारले, "येतोस का?" दिवा म्हणाला, "कधीची वाट पाहतोय." आणि तो विझून तिच्या वाटीत उतरला.

ती घरी परतली, तर उंबऱ्यावर शेजारचे हमदानकाका बसलेले.

"बाबा?"

"सात दिवस झाले, पोरी."

"काही म्हणाले?"

हमदानकाकांनी तिला जवळ बसवले. मग ते म्हणाले, "फळावर काठीचा डाग त्याला त्याच दिवशी हाताला लागला होता. म्हणाला, पोर आपणहून सांगेल म्हणून थांबलो होतो."

नाइफा कबरीपाशी गेली. मागे सारा गाव होता. सगळ्यांदेखत ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, मी काठी लावली. आणि तुमच्याशी खोटं बोलले."

मग हमदानकाका म्हणाले, "मीही लावली." मग दुसरे, मग तिसरे. घराघरात काठी लागली होती आणि प्रत्येकाने शेजाऱ्यापासून लपवली होती. काबूसाची विद्याच अशी. स्वतः तो एक डहाळी मोडत नसे. तीन दिवसांची घाई लावून माणसांकडून मोडवून घेई, आणि त्यांच्या लपवाछपवीवर कुंपण पोसे.

नाइफाने कुंपणाच्या बुडाशी काडी रोवली, वर तेल ओतले. काटे गळाले, आणि राजवाड्यात काबूस बसल्या जागी पाचोळा झाला. राजा पायी डोंगर चढून आला, त्याने आज्ञा मागे घेतली, क्षमा मागितली. काहींनी केली, काही म्हणाले, बघू.

"तिसरी गोष्ट आधी केली असती तर?" नाइफाने हुदहुदाला विचारले.

"चाललं असतं," पक्षी म्हणाला. "क्रम मी सांगितलाच नव्हता." आणि उडून गेला.

त्या वर्षी झाडे वाकेपर्यंत फळली. महिनाभर सारे गाव हातानेच फळ उतरवत होते, कुणालाच घाई नव्हती. घाण्यावर रीत अशी, की पहिली धार वाडग्यात धरायची आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने भाकरीचा पहिला तुकडा त्यात बुडवायचा. हमदानकाकांनी वाडगा नाइफापुढे धरला. "घे पोरी. आता घरात मोठी तूच."

तिने तुकडा बुडवला. तेल हिरवेगार होते, घशाला चरचरणारे, ताजे असावे तसे. उत्तम झाले होते, आणि हे सांगायला घरी कुणी नव्हते.

राज्याची घडी बसली. ऐकणाऱ्यांनो, तुमच्या घरचे मोठे माणूस हयात असेल, तर आता उठा आणि आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.