आजोबांची एक जानेवारी

चूक मदरबोर्ड आजोबांची, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या मुख्य पाटीची होती, हे आधीच सांगून टाकतो. एका वाचनालयातल्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात विंडोज नावाची पाहुणी राहायची, म्हणजे प्रोग्रॅमने बनवलेला आतला दुसरा कॉम्प्युटरच. पुस्तकांची यादी तिच्याकडे होती. ऐन गणपतीत ती उठेचना.

"आळशी आहे, पुसून टाका!" आजोबा गरजले. "आत कॉम्प्युटर चालवायची परवानगी मी केव्हाच दिलीय. माझ्या सगळं लक्षात असतं."

थोरले बोलले की खरंच असणार, म्हणून कीबोर्ड, पडदा, सगळ्यांनी माना डोलावल्या. वाचनालयाच्या बाई पुसायला बसल्यासुद्धा.

"अहो, माझ्यासोबत यादीही जाईल!" पाहुणी रडकुंडीला आली.

कीबोर्डला राहवेना. "आजोबा, आज तारीख काय हो?"

"एक जानेवारी!"

बाहेर आरती चालली होती. सगळे खो खो हसले. पडद्याने ती तारीख मोठ्ठी करून दाखवली, तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. आजोबांची आठवण सांभाळणारा बटणाएवढा सेल संपला होता, आणि तारखेबरोबर ते परवानगीही विसरले होते.

बाईंनी सेल बदलला, परवानगी पुन्हा दिली. पाहुणी टुणकन उठली. "नमस्कार करते, आजोबा. नववर्षाच्या शुभेच्छा!"

आजोबांना एक सेल लागला, आणि 'माझ्या सगळं लक्षात असतं' हे वाक्य कायमचं सोडावं लागलं.