‘सारखा’ नव्हे

“पण तीन ते एकच कसे, हे कळल्याशिवाय माणसाने ते म्हणावं तरी कसं, अब्बा?”

विचारणाऱ्याचं नाव थिओनास. अलेक्झांड्रियाच्या एका नामांकित शिक्षकाचा मुलगा. इजिप्तच्या वाळवंटातल्या या मठात येऊन त्याला बराच काळ झाला होता, पण वादात हरायची सवय अजून लागली नव्हती.

अब्बा फिब मसूर निवडत होते. ‘अब्बा’ म्हणजे बाबा; तिथे वडीलधाऱ्या संन्याशाला असंच म्हणत. मठातले सर्वांत वृद्ध संन्यासी. ख्रिस्ती असणं हाच गुन्हा होता, त्या दिवसांत, कोवळ्या वयात, शिक्षा म्हणून त्यांच्या डाव्या पायाची शीर कापली होती. तेव्हापासून ते पाय ओढत चालत.

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

मग थिओनासनेच उत्तरं मांडायला घेतली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा... म्हणजे सूर्य, त्याचा प्रकाश आणि त्याची ऊब. नाहीतर झरा, ओढा आणि नदी. एकेक दाखला देऊन तो थांबे, अब्बांकडे पाही.

“सूर्याने कधी तुझ्यासाठी क्रुसावर जीव दिलाय?” अब्बांनी विचारलं.

थिओनास रागावून उठून गेला.

त्याच आठवड्यात सम्राटाचा एक अधिकारी शिपाई घेऊन मठात आला. नाव फावोनियस. माणूस सभ्य होता. आल्या आल्या त्याने सगळ्यांची विचारपूस केली आणि मग काम सांगितलं.

पूर्वी निकया नगरात धर्माध्यक्षांनी एकत्र बसून विश्वासांगीकार, म्हणजे आपली श्रद्धा जाहीर करण्याचा पाठ, ठरवला होता. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, दोघे एकच देव आहेत, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. मठात दर रविवारी तोच म्हणत. आताच्या सम्राटाला मात्र तो शब्द खुपत होता. त्याच्या नव्या पाठात पुत्र नुसता ‘पित्यासारखा’ होता; एक आहे असं त्यात नव्हतं. बाकी जवळजवळ सगळं तसंच.

येत्या रविवारी सगळ्यांनी नवा पाठ म्हणायचा, असं फावोनियसने सांगितलं. म्हटला, तर मठ राहील, विहीर राहील. जो म्हणणार नाही त्याला वाळवंटापलीकडच्या मरूद्यानात हद्दपार करण्यात येईल.

थिओनासच्या वडिलांना तो ओळखत होता. त्याने थिओनासला बाजूला घेतलं आणि बंधूंना, म्हणजे मठातल्या इतर संन्याशांना, समजावण्याचं काम त्याच्याकडे दिलं.

थिओनासने ते मनापासून केलं. त्याने सगळ्यांना अंगणात बसवून सांगितलं, की जे एकच आहे ते सारखं असतंच. तेव्हा तोंडाने ‘सारखा’ म्हणावं आणि मनात ‘एक’ धरावं. खोटं काहीच बोललं जात नाही आणि विहीरही वाचते.

बंधूंना हायसं वाटलं. कुणीतरी अब्बांकडे पाहिलं.

“छान जमलंय,” अब्बा म्हणाले. “सम्राटालाही एवढंच हवंय.”

आणि उठून, पाय ओढत आपल्या खोलीकडे निघाले. बंधूंनी त्यांना थांबवलं नाही.

रविवारी चर्चमध्ये फावोनियस पुढेच उभा राहिला. थिओनासचा आवाज खणखणीत, म्हणून पाठ त्याने सांगायचा आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं, असं ठरलं होतं. अब्बा फिब अगदी मागे, भिंतीला टेकून उभे होते.

पाठ सुरू झाला. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा पिता... त्याचा एकुलता एक पुत्र...

“पित्यासारखा,” थिओनास म्हणाला.

“एकतत्त्व,” मागून आवाज आला.

बंधू थबकले. फावोनियसने पुन्हा म्हणायची खूण केली. थिओनासने पुन्हा सुरुवात केली. त्याच जागी, तेवढ्याच शांतपणे, मागून तोच शब्द आला.

फावोनियस अब्बांकडे चालत गेला. दरडावायला गेला नाही. हळू आवाजात त्याने सांगितलं, की नवा शब्द म्हणाच असा माझा आग्रह नाही. तेवढ्या जागी फक्त गप्प राहा. तुम्ही बोलला नाहीत, मी ऐकलं नाही. या वयात, या पायाने, ते वाळवंट तुम्हाला पार होणार नाही.

अब्बांनी मान हलवली. नाही.

“एवढ्याशा शब्दासाठी?”

“एवढासा असता तर तुम्ही शिपाई आणले नसते.”

फावोनियस क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने शिपायांना दोर आणायला सांगितलं आणि थिओनासला पाठ पुरा करायला.

थिओनासने तोंड उघडलं.

त्याचा युक्तिवाद अजून शाबूत होता. त्याने तो मनात पुन्हा एकदा तपासला, कुठेही फट नव्हती. समोर शिपाई अब्बांचे हात बांधत होते. म्हातारा एका पायावर भार देऊन उभा होता आणि दोर नीट बसावा म्हणून स्वतःच मनगटं जुळवून धरत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. थिओनासकडे तो पाहतही नव्हता, त्याचे ओठ मात्र प्रार्थनेत हलत होते.

आपण ज्या देवाविषयी इतके दिवस वाद घातला, त्याच्याशी हा माणूस बोलतो आहे... हे थिओनासच्या तेव्हा ध्यानात आलं. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि भीतीही वाटली, कारण आता आपण काय करणार हे त्याला कळलं होतं.

“त्याचा एकुलता एक पुत्र,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. “पित्याशी... एकतत्त्व.”

चर्चमध्ये कुणी हललं नाही. त्याने तेच पुन्हा म्हटलं, या वेळी खणखणीत. एका कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटल्यासारखी साथ दिली. बाकीचे जमिनीकडे पाहत राहिले.

फावोनियसला खरोखर वाईट वाटलं असावं. शिपाई दोर बांधत असताना त्याने थिओनासला विचारलं, की तुझ्या वडिलांना मी काय सांगू?

“वादात हरलो म्हणून सांगा.”

दुपारच्या आत त्यांना मठाबाहेर काढलं. चर्चच्या दाराला कुलूप लागलं. बंधू कुंपणापाशी उभे होते. त्यांतला एक रडत होता, पण बाहेर कुणी आलं नाही.

पुढे नुसती वाळू होती. दोघांना एकाच दोराने बांधलं होतं, त्यामुळे अब्बांचा पाय अडला की थिओनासलाही हिसका बसे. थोड्या वेळाने थिओनासने खांदा पुढे केला. अब्बांनी बांधलेले हात त्यावर ठेवले.

मागे मठ दिसेनासा झाला.

“अब्बा,” थिओनास शेवटी म्हणाला, “तीन ते एकच कसे... मला अजून कळलेलं नाही.”

म्हातारा चालता चालता थांबला. त्याने धापा टाकत श्वास सावरला, समोरच्या वाळूवर नजर फिरवली आणि हसला.

“मलाही नाही. चल, वाट लांब आहे.”